अंतरपाटाची उलटी बाजू

क्रॉस स्टिच लवकर कसं उरकायचं, हे आता नागपुरात आमच्या प्रताप नगरातल्या बायका मला रस्त्यात थांबवून विचारतात. भाजीच्या गाडीपाशी विचारतात, दळण टाकायला गेलं की गिरणीत विचारतात. एकीनं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे विचारलं, दोघींच्याही डोळ्यांत औषध घातलेलं असताना. मी सांगते. मला सांगायला आवडतं, आणि कोणी न विचारता तर जास्तच आवडतं, हे माझ्या घरचे सांगतील. पण हे सगळं मी कशापायी शिकले आणि त्यात माझी कशी फजिती झाली, ते काही मी भाजीच्या गाडीपाशी सांगत नाही. आता मनावरचं ओझं उतरलंय, पोरगी सुखानं नांदून राहिली आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

पोरीचं लग्न काटोलला ठरलं. संत्र्याचे व्यापारी, खातंपितं घर, मुलगा शांत. इतका शांत की मी पोरीला विचारलं, "हा बोलते तरी का वं?" ती म्हणाली, "मी बोलते नं. दोघंही बोलले तर ऐकीन कोण?" तो प्रश्न तिथंच मिटला. माझा जीव अडकला तो मुलापाशी नाही, त्याच्या आईपाशी.

बोलणी करायला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हाची गोष्ट. दाराशी चपला अशा ओळीनं मांडलेल्या की आपली काढून ठेवायची लाज वाटावी. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ. सोफ्यावरच्या उशा सरळ. टोपलीतली संत्रीसुद्धा सगळी देठ वर करून बसलेली. विहीणबाई पाणी घेऊन आल्या, ट्रेमध्ये थेंब सांडला होता तो लगेच पदरानं टिपला आणि म्हणाल्या, "आम्हाले बाप्पा सारं जागच्या जागी लागते." हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

मी माझ्या पोरीकडे पाहिलं. ही पोरगी ओला टॉवेल पलंगावर टाकते. हेल्मेट सोफ्यावर, पर्स फ्रिजवर. गाडीची किल्ली रोज हरवते आणि रोज माझ्यावर ओरडते की तूच कुठंतरी ठेवली. राग तर नाकाच्या शेंड्यावर. तो माझ्याकडून आलाय असं तिचे बाबा म्हणतात, आणि ते तसं म्हणाले की मला राग येतो.  काटोलहून परत येताना गाडीत माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र: रोज एक टॉवेल आणि रोज एक टोमणा. पोरगी उलटून बोलणार, त्या तोंड फिरवणार, आणि तो शांत मुलगा दोघींच्या मधे आणखी शांत होणार. कसं निभायचं हिचं?

पोरीला शिकवून पाहिलं. आठवडाभर टॉवेल दोरीवर गेला, नंतर पुन्हा पलंगावर. मग मी ठरवलं, पोरगी नाही तर नाही, आपण काहीतरी असं करून दाखवू की त्या घराला कळलं पाहिजे, ही मुलगी कुठल्या हातांखाली वाढली आहे. अंतरपाट मी करणार. लग्नात मंगलाष्टकं होईपर्यंत नवरा-नवरीच्या मधे धरतात ते कापड. आजकाल बाजारात मोत्यांचे, टिकल्यांचे तयार मिळतात. मला ते नको होतं. फुलीचा टाका, हातानं, आणि इतका नीट की काटोलकरणीला बोट ठेवायला जागा मिळू नये.

महाल भागातल्या एका दुकानातून मॅटी आणली. मॅटी म्हणजे ते घराघरांचं जाडसर कापड, ज्याची भोकं मोजून टाके घालता येतात. दुकानदारानं धाग्यांच्या लच्छ्यांचे ढीग काढले, मी लाल, हिरवा, मोरपिशी, काळा आणि थोडा पिवळा निवडला. नमुना साधा नव्हता. मधे मोठं लाल स्वस्तिक, दोन्हीकडे तोंड करून दोन मोर, भोवती फुलांची वेल. शाळेत असताना मी रुमाल केले होते, तेवढ्या भांडवलावर उडी मारली. अख्खी दुपार बसले तर स्वस्तिकाचा अर्धा हात झाला. या चालीनं गेलं असतं तर अंतरपाट नातवंडाच्या मुंजीत धरावा लागला असता.

मग मी डोकं चालवायला लागले. माझा सगळा वेळ मोजण्यात जात होता. काठापासून मोजत यायचं, मधे कुकरची शिट्टी झाली की पुन्हा काठाकडे. म्हणून अख्ख्या कापडावर दर दहा घरांवर साध्या शिलाईच्या दोऱ्यानं उभ्या-आडव्या ओळी टाकल्या. काम झालं की ओढून काढायच्या. हे सोफ्यावरून पाहत होते, म्हणाले, "बगिचा लावून राहिली का?" संत्र्याची कलमं लावताना रान दोरीनं असंच आखतात. मी म्हटलं, "हो, तुमच्या व्याह्यांचाच लावून राहिली." पण त्या आखणीनं खरंच माझं निम्मं काम हलकं केलं. पुढं मला फक्त आपल्या चौकटीत पाहावं लागायचं. नमुन्याची झेरॉक्स काढून आणली आणि झालेला भाग पेन्सिलनं रंगवत गेले, तसं कुठवर आलो हा प्रश्नही संपला.

धागा कोपराएवढाच घ्यायचा. लांब घेतला की वाटतं, सुई कमी वेळा ओवावी लागेल. पण तो गुंततो, त्याला गाठी बसतात, शेवटी शेवटी त्याचा कापूस होतो आणि चमक जाते. माझी आई म्हणायची, आळशी बाईचा दोरा लांब. शिवता शिवता धाग्याला पीळ बसतो, तेव्हा सुई खाली लोंबकळत सोडायची. तो आपोआप गिरक्या घेतो आणि मोकळा होतो. प्रत्येक रंगाला वेगळी सुई ठेवायची, सकाळच्या उजेडातच सगळ्या ओवून एका जुन्या उशीत टोचून ठेवायच्या. दुपारी डोळे बारीक करून नेढं शोधत बसण्यात जो वेळ जातो, त्यात एक पान होऊन जातं. आणि एकेक फुली पूर्ण करत बसायचं नाही. ओळभर अर्धे तिरपे टाके घालत जायचं, येताना त्यांवर दुसरे उलट्या बाजूनं तिरपे घालत यायचं. एक पोळी लाटून, भाजून, तूप लावून मगच दुसरीच्या कणकेला हात लावणारी बाई कधी जेवायला बसते का? तसंच आहे हे. शिवाय असं केलं की वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकतो आणि काम एकसारखं दिसतं.

या सगळ्या युक्त्यांनी हात चालू लागला. आणि सगळ्यात वेळ वाचवणारी युक्ती मी स्वतः काढली, तिचा मला फार अभिमान होता. धागा तोडायचाच नाही! एका मोराचा काळा डोळा झाला की तोच धागा मागच्या मागं ओढत नेऊन दुसऱ्या मोराला डोळा लावायचा. वेलीचं एक फूल झालं की मागून उडी मारून पुढचं. तोडायला नको, शेवट खोचायला नको. मागून कोण पाहायला बसलंय?

लग्नाला अजून तीन महिने राहिले असताना अंतरपाट पूर्ण झाला. आखणीचे दोरे ओढून काढले, इस्त्री फिरवली. काय सांगू, मोर असे दिसत होते की आत्ता ओरडतील. मी यांना आणि आमच्या शेजारणीला दोन टोकं धरायला लावली, खऱ्या लग्नासारखी, आणि समोर उभी राहून डोळे भरून पाहिलं. हे म्हणाले, "झकास." शेजारीण म्हणाली, "दुकानातला वाटते हो." मी पोरीला हाक मारली. ती नवरीनं उभं राहावं तशी कापडाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"कसं दिसते वं?" मी इकडून विचारलं.

"आई," ती म्हणाली, "मले इकडून जाळं दिसून राहिलं."

मी पलीकडे गेले. माझ्या उड्यांचे सगळे धागे तिथं होते. मोरापासून मोरापर्यंत काळी तार, फुलाफुलांमधून लाल दोऱ्या, जणू कापडावर कोणी वाळवण घातलंय. आणि मधोमध स्वस्तिक. उलटं.

 अंतरपाटाला दोन बाजू असतात! एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी. पडदा नाही तो, भिंतीवर लावायची तसबीर नाही. इतके महिने मी दोरे मोजले, भोकं मोजली, आणि ही एवढी ढळढळीत गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. उलटं स्वस्तिक, लग्नात, ऐन मुहूर्ताला डोळ्यांपुढं! आमच्याकडे रांगोळीतलं स्वस्तिक चुकलं तरी म्हाताऱ्या बायका पुसून पुन्हा काढायला लावतात.

"अस्तर लावून टाक," हे म्हणाले. "झाकून जाईन सारं."

"आणि अस्तराची बाजू कोणाकडे?"

"आता पाहुण्यांकडे तर सुलटीच बाजू..." एवढं म्हणून ते थांबले, कारण त्यांनी माझं तोंड पाहिलं.

"काहून? माझ्या पोरीनं काय पाप केलं? तिनं कोऱ्या फडक्याकडे पाहत उभं राहायचं? नवरदेवाले मोर आणि नवरीले अस्तर?" मी इतक्या जोरात बोलले की शेजारणीच्या हातातलं टोक सुटलं. ती बिचारी "दूध उतू जाईन माझं" म्हणत निघून गेली.

पोरगी मात्र हसत होती. पोट धरून हसत होती. डोळे पुसत मोबाइल घेऊन बाल्कनीत गेली, मला वाटलं मैत्रिणीला सांगत असेल. परत आली आणि म्हणाली, "झालं. दुसरी बाजू सासूबाई करून देणार आहेत. मी त्यांना फोटो पाठवला."

"कशाचा फोटो?"

"उलट्या बाजूचा."

त्या क्षणी माझ्या हातात लाटणं नव्हतं, ही त्या पोरीची पुण्याई. ज्या बाईनं बोट ठेवू नये म्हणून मी डोळे फोडून घेतले, तिच्याच मोबाइलवर माझं जाळं जाऊन बसलं होतं. मी पोरीला नाही नाही ते बोलले. तीही बोलली. तिच्या मते त्यात लपवण्यासारखं काय होतं, चूक झाली तर झाली. माझ्या मते तिला अजून सासर कशाशी खातात हे कळलेलंच नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे दोघी दोन खोल्यांत जेवलो.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. फोटोबद्दल चकार शब्द नाही. "मॅटी कोणती घेऊ? धागे किती घेऊ? शाळेत केलं होतं मी, पण आता विसरली. तुम्ही सांगान तसं करतो." मी मॅटीचा तुकडा, नमुना आणि उरलेल्या लच्छ्या पाठवून दिल्या. मग रोज दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल. बहुतेक वेळा मला त्यांचा पंखाच दिसायचा. "अर्धे टाके जाऊन येताना पुरे करा," मी पंख्याला सांगायची. "धागा कोपराएवढा घ्या. आखून घेतलं का?" पंख्याकडून आवाज यायचा, "हो जी, घेतलं." मी शिकवत होते, त्या ऐकत होत्या. पण मला कळून चुकलं होतं, काय होणार ते. त्या बाई आपलं कापड आणतील, मागून-पुढून सारखं, एक गाठ नाही, एक उडी नाही, आणि माझ्या जाळ्याशेजारी पसरतील. बोलणार काही नाहीत. हसतील. मग ते हसू माझ्या पोरीला जन्मभर पुरेल.

एके सकाळी त्या एसटीनं आल्या. एका हातात संत्र्यांची थैली, दुसऱ्या हातात कापडाची गुंडाळी. पोरगी ऑफिसात, हे बँकेत. घरात आम्ही दोघीच. मी चहा केला. त्यांनी दिवाणावर कापड उलगडलं, आणि खरं सांगते, पाहून मला बरं वाटलं. एका मोराची चोच एका घरानं लांब झाली होती. वेलीतला लाल धागा संपला म्हणून अर्धी फुलं नारंगी झाली होती. पण स्वस्तिक नेटकं होतं, आणि अख्खं काम जीव लावून केलेलं दिसत होतं.

"छान झालं हो," मी म्हटलं आणि सवयीनं कापड उलटं करायला हात घातला. त्यांनी दुसरं टोक घट्ट धरलं.

"राहू द्या नं."

"पाहू तर द्या."

"नको नं बाई. काही पाहासारखं नाही तिथी."

मी ओढलं. त्यांनी ओढलं. मी जास्त जोरात ओढलं, कारण माझा स्वभावच तसा आहे. कापड उलटलं.

माझं जाळं होतं, तर ते अक्षरशः जंगल होतं. मसुरीच्या डाळीएवढ्या गाठी. एक हिरवा धागा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत गेलेला, का गेला ते देवालाच माहीत. आणि मधे जांभळ्या साडीचा एक तुकडा, चांगला बोटभर, टाक्यांत घट्ट शिवलेला.

"हे काय?"

"पदर होता माझा," त्या म्हणाल्या. "मांडीवर घेऊन करून राहिली होती. उठाले गेली तं उठताच येईना. मग कापला."

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. मी हसून हसून दिवाणावर आडवी झाले, त्या चष्मा काढून पुसत होत्या आणि पुसता पुसता पुन्हा हसत होत्या. चहा निवून गेला. मी कपाटातून माझं कापड काढलं आणि दोन्ही उलट्या बाजू शेजारी शेजारी ठेवल्या. कोणाचं जास्त वाईट यावर आमची वादावादी झाली आणि त्या जिंकल्या.

मग मी सरळ विचारूनच टाकलं. मनात ठेवणं मला जमत नाही. "पण तुमच्याकडे तर सगळं जागच्या जागी लागतं नं?"

"अवं माय!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तुम्ही आल्या त्या दिवशी मागच्या खोलीले कडी लावून होती. सारा पसारा तिथी कोंबला होता आम्ही. माझी बहीण दाराले टेकून बसली होती, दिसली नाही का तुम्हाले? नागपूरचे लोक, पोरगी नोकरीवाली. काय बोलावं सुचेना, तं निंघून गेलं तोंडातून. तुम्ही गेल्यावर आमचे हे म्हणे, आता जन्मभर आवरत बस."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी उठून खिडकीच उघडली. वाटलं, हाक मारून अख्ख्या गल्लीला सांगावं. पलंगावरचा तो ओला टॉवेल, ज्यानं माझी झोप उडवली होती, तो काटोलला गेल्यावर चार टॉवेलांत एक होणार होता.

आम्ही दोन्ही कापडं उलट्या बाजू आत करून एकावर एक ठेवली आणि काठ शिवायला बसलो. त्या एका टोकानं, मी दुसऱ्या टोकानं. निम्म्यावर आलो असू तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "एक विचारू का? रागावणार नाही नं?"

"विचारा."

"पोरगी लय रागीट आहे म्हणते माझा पोरगा. हसून सांगते, पण सांगते. मले बाई आतापासूनच भेव वाटून राहिलं. मी अशी घाबरट. मले उलटून बोलता येत नाही. ती बोलली तं मी काय करू?"

माझी सुई थांबली. इतके महिने मी या बाईला घाबरत होते, आणि ही बाई काटोलला बसून माझ्या पोरीला घाबरत होती. लग्नाआधी मुलीच्या आईनं अशा वेळी म्हणायचं असतं, छे हो, आमची मुलगी गरीब गाय. माझ्या तोंडून ते निघेना. "आहे रागीट," मी म्हटलं. "चटकन भडकते, पण मनात काही ठेवत नाही. ती भडकली की तुम्ही काही बोलू नका. खायला द्या."

"काय देऊ?"

"काहीही. पोहे चालतात."

त्यांनी ते मनावर घेतल्यासारखी मान हलवली. थोड्या वेळानं विचारलं, "आणि तुम्ही भडकल्या तं?"

"मला पोह्यांवर तिखट तर्री जास्त लागते."

लग्न झालं. आमच्याकडे मुलीच्या आईनं मंगलाष्टकं पाहायची नसतात, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. मी सांगून टाकलं, तुळशीला सकाळीच भरपूर पाणी घातलंय, आता ती बुडेल. आणि पुढं जाऊन उभी राहिले. माझ्या पोरीच्या डोळ्यांपुढं तिच्या सासूचे मोर होते, जावयाच्या डोळ्यांपुढं माझे. दोन्हीकडे स्वस्तिक सुलटं. लांब चोचीचा मोर पाहून पोरीला हसू येत होतं, आणि भटजी तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते.

मग पाठवणी. मुलीच्या आईनं विहिणीचा हात धरून म्हणायचं असतं, पोरीला सांभाळून घ्या, चुकलंमाकलं पोटात घाला. सगळ्या आया म्हणतात, माझ्या आईनंही म्हटलं होतं. मी पुढं झाले, पण तोंड उघडायच्या आत त्यांनीच माझे दोन्ही हात धरले. त्यांचेच डोळे भरून आले होते. गाडीपाशी उभ्या असलेल्या माझ्या पोरीकडे पाहत त्या मला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा नं बाई तिले. आम्हाले सांभाळून घेजो म्हणा."

पोरीनं ते ऐकलं. काजळ गालावर ओघळलेलं, शालू एका हातात गोळा करून धरलेला, तशीच ती चार पावलं मागं आली आणि सासूच्या गळ्यात पडली. "घेईन नं, आई," म्हणाली. ते 'आई' त्यांना होतं, मला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, असं माझी बहीण नंतर म्हणाली.

गाडी कोपऱ्यावरून वळली तशा दोन-तीन बायका मला दोन्हीकडून धरायला आल्या. मुलीची आई आता कोसळणार, असा त्यांचा अंदाज होता. मला मात्र भूक लागली होती. सणकून.